मदत हवी आहे : आरएक्स १०० च्या टाकीवरचा जुना रंग कसा उतरवावा?

नमस्कार.

काकांची १९९१ सालची यामाहा आरएक्स १०० मी मूळ रूपात आणायला घेतली आहे. इंजिन मिस्त्रींकडे आहे. रंगकाम मात्र घरीच करायचे ठरवले असून जुना रंग उतरवण्याबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे.

आरसीवर गाडी लाल आहे, प्रत्यक्षात ती काळी आहे. टाकीचे जे टोक सीटखाली जाते तिथला पापुद्रा नखाने उचलला, तेव्हा काळ्याखाली निळा, त्याखाली करडा प्रायमर आणि तळाशी मूळ लाल रंग दिसला. उजवा गुडघा टेकतो त्या जागी चुंबक नीट धरत नाही, म्हणजे तिथे पोचा काढण्याऐवजी जाड लांबी (खड्डा बुजवायची पुट्टी) भरलेली असणार.

कोल्हापूरला उद्यमनगरात सँड ब्लास्टिंग सहज करून मिळते, पण टाकीचा पत्रा पातळ आहे आणि वाळूच्या जोरदार माऱ्याने असा सपाट पत्रा ताणला जाऊन लाटा आल्यासारखा होतो, ही मला मोठी भीती वाटते. शिवाय तोंडातून वाळू आत गेली तर ती पुढे कार्ब्युरेटरपर्यंत पोचणार. कॉस्टिक सोडा स्वस्त आहे आणि लोखंडाला खात नाही; मात्र ॲल्युमिनियमला तो खातो, त्यामुळे पेट्रोल कॉक आधी काढावाच लागेल. माझा कल मिथिलीन क्लोराइडच्या रिमूव्हरकडे आहे. तो उघड्यावर, हातमोजे घालूनच वापरणार, कारण त्याची वाफ धुळीच्या साध्या मास्कने अडत नाही. हीट गन मी आधीच बाद केली आहे. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ उरते आणि तिथे उष्णतेचा किंवा ठिणगीचा खेळ नको.

साइड पॅनल प्लास्टिकची असल्याने त्यांना रिमूव्हर लावणार नाही, ती वॉटर पेपरनेच घासेन.

आता मुख्य अडचण. टाकीच्या खालच्या जोडाच्या फटीत रिमूव्हर राहिला, तर काही महिन्यांनी नव्या रंगाला तिथेच फोड येतात, असे अनेकांच्या गाड्यांवर पाहिले आहे. ती फट पूर्ण स्वच्छ झाली हे आपण कसे ठरवता? पाण्याने धुवावी तर सध्याच्या पावसाळी हवेत उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. गंजावर फॉस्फोरिक ॲसिडचे द्रावण लावून लगेच एपॉक्सी प्रायमर मारावा, की ॲसिड आधी धुऊन, पत्रा वाळवून, पेपर मारून मगच प्रायमर घ्यावा? ॲसिडचा अंश खाली राहिला तर एपॉक्सी धरत नाही, असे वाचले आहे. ज्यांनी हे दोन्ही प्रकार स्वतः केले आहेत त्यांचा अनुभव मला मोलाचा वाटेल.

आणि लांबीखालचा पोचा डेंटिंगवाल्याकडून रंग उतरवण्याआधी काढून घ्यावा की पत्रा पूर्ण उघडा झाल्यावर?