युरोपचा संरक्षण आयुक्त : खरेदीची वही कोणाच्या हाती असावी?

पूर्वरंग (धागालेखक)

१ डिसेंबर २०२४ रोजी युरोपीय संघाच्या कार्यकारी मंडळात, म्हणजे युरोपीय आयोगात, ‘संरक्षण आणि अवकाश आयुक्त’ हे पद प्रथमच अस्तित्वात आले आणि लिथुआनियाचे दोनदा पंतप्रधान राहिलेले आंद्रियुस कुबिलियुस त्यावर रुजू झाले. त्याच्या वीस वर्षे आधी, १२ जुलै २००४ रोजी, ब्रुसेल्समध्येच युरोपीय संरक्षण संस्था (यापुढे ‘ईडीए’) स्थापन झाली होती. तिला स्वतःचा मुख्य कार्यकारी अधिकारी असतो. २०२५ पासून ही जबाबदारी जर्मनीच्या आंद्रे डेंक यांच्याकडे आहे, आणि संस्थेच्या प्रमुख म्हणून त्यांच्याही वर संघाच्या परराष्ट्र धोरणाच्या उच्च प्रतिनिधी काया कालास आहेत. म्हणजे देशांना एकत्र आणणे आणि कारखानदारांशी बोलणे या एकाच कामासाठी आज तीन वरिष्ठ माणसे आहेत, पण तिघांपैकी एकालाही स्वतःच्या निर्णयाने तोफगोळ्यांची एक पेटी विकत घेता येत नाही.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. उद्योगाशी बोलणाऱ्याच्या हातात मागणीपत्र नसेल, तर त्याचे काम वधू-वर सूचक मंडळासारखे होते. माहिती दोन्हीकडे पोचते, चहापान होते, लग्न मात्र दोन घरांच्या मर्जीवर राहते. मार्च २०२३ मध्ये संघाने युक्रेनला बारा महिन्यांत १० लाख तोफगोळे देण्याचे वचन दिले. ईडीएने कंपन्यांशी चौकट करार केले, परंतु त्या चौकटीत प्रत्यक्ष मागणी नोंदवायची की नाही आणि किती, हे प्रत्येक राजधानीने आपल्या सवडीने ठरवले. मुदत संपली तेव्हा पुरवठा जेमतेम निम्म्यावर आला होता.

हे एकदाच घडले असते तर सोडून देता आले असते. शस्त्रसामग्रीची ३५ टक्के खरेदी एकत्रितपणे करावी, हे उद्दिष्ट २००७ मध्ये सदस्यराष्ट्रांनीच स्वतःसाठी ठरवले होते. पंधरा वर्षांनी, २०२२ मध्ये, ते प्रमाण १८ टक्के होते. २०२४ मध्ये सत्तावीस देशांचा संरक्षणखर्च ३४३ अब्ज युरोंवर पोचला असताना हा विखुरलेपणा परवडणारा नाही. ब्रिटन संघात होता तेव्हा ईडीएचे वार्षिक अंदाजपत्रक कित्येक वर्षे सुमारे ३ कोटी युरोंवर गोठवून ठेवले होते, यावरून या संस्थेकडून किती अपेक्षा होती ते कळावे.

माझी सूचना मर्यादित आहे. लढाऊ विमाने, पाणबुड्या, रणगाडे राष्ट्रांकडेच राहू द्यावेत. परंतु तोफगोळे, त्यांची दारू, हवेत इंधन भरणारी विमाने अशा सर्वांना लागणाऱ्या मोजक्या वस्तूंसाठी आयुक्ताला कायमस्वरूपी निधी आणि थेट खरेदीचा अधिकार द्यावा.

अर्धविराम

आपल्या मांडणीत एक गृहीतक न बोलता येऊन बसले आहे, ते म्हणजे खरेदीचा अधिकार हा केवळ कार्यक्षमतेचा प्रश्न आहे. तो मुळात उत्तरदायित्वाचा प्रश्न आहे. जर्मनीत अडीच कोटी युरोंच्या वरचा प्रत्येक संरक्षण खरेदी करार संसदेच्या अर्थसंकल्प समितीपुढे स्वतंत्रपणे ठेवावा लागतो. ही व्यवस्था कंटाळवाणी आहे, पण ती त्या देशाने आपल्या इतिहासातून शिकून घातलेली कडी आहे. आयुक्ताने शंभर कोटींचे गोळे घेतले आणि ते निकृष्ट निघाले, तर त्याला जाब कोण विचारणार? युरोपीय संसद फार तर संपूर्ण आयोगावर अविश्वास आणू शकते. एका आयुक्ताला घरी पाठवण्याचा अधिकार तिला नाही.

शिवाय हा प्रयोग नवा नाही. युरोपीय संरक्षण समुदायाच्या करारावर मे १९५२ मध्ये सहा देशांनी सह्या केल्या होत्या आणि त्यात समाईक सैन्याबरोबर राष्ट्रांच्या वरचे एक आयुक्तमंडळही होते. ३० ऑगस्ट १९५४ रोजी फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने, म्हणजे ज्या देशाने ही कल्पना काढली त्याच्याच लोकप्रतिनिधींनी, तो करार मोडीत काढला. आजच्या संघाच्या मूळ करारांतही कलम ४१ लष्करी कारवायांचा खर्च समाईक अंदाजपत्रकातून करू देत नाही आणि कलम ३४६ राष्ट्रांना सुरक्षेच्या कारणासाठी बाजाराच्या नियमांतून बाहेर राहण्याची मुभा देते. ही कलमे अनवधानाने राहून गेलेली नाहीत. ती मुद्दाम लिहिली आहेत.

जुना फोरमन

माझे आयुष्य दारूगोळ्याच्या उत्पादनात गेले, त्यामुळे राज्यघटनेच्या बाजूपेक्षा वस्तूच्या बाजूने बोलतो. ‘१५५ मिलिमीटरचा गोळा’ ही एक वस्तू आहे, असा समज वरील दोन्ही प्रतिसादांत दिसतो. प्रत्यक्षात सुमारे ४३ किलोंचा पोलादी शेल, त्याच्या टोकाचा फ्यूज, मागचा चार्ज (गोळा फेकणारी दारू) आणि तो पेटवणारा प्रायमर अशी ती चार भावंडे आहेत, आणि ती कोणत्या तोफेत, कोणत्या फायरिंग टेबलप्रमाणे (नेमाच्या कोष्टकाप्रमाणे) डागायची हे तोफेगणिक बदलते. नाटोचे समान मापदंड आहेत, तरीही प्रत्येक देश आपल्या तोफेसाठी आपली चाचणी घेऊनच प्रमाणपत्र देतो. आमचा एक लॉट मापात तंतोतंत बसत असूनही कित्येक महिने पडून राहिला होता, कारण खरेदीदाराच्या निरीक्षकाला तो त्यांच्याच चार्जवर पुन्हा डागून पाहायचा होता. त्याचा राग आला होता, पण तो चुकत नव्हता. बॅरलमध्ये गोळा फुटला तर जीव त्याच्या माणसांचा जातो.

इटलीचे माजी पंतप्रधान मारिओ द्रागी यांच्या युरोपच्या स्पर्धाक्षमतेवरील सप्टेंबर २०२४ च्या अहवालात नोंद आहे की युरोपीय देशांनी युक्रेनला दहा वेगवेगळ्या प्रकारच्या १५५ मिलिमीटर तोफा दिल्या. आता कल्पना करा की आयुक्ताने एकगठ्ठा पाच लाख गोळे घेतले. ते कोणत्या तोफेचे? म्हणून माझे मत असे की त्याला पैशांची वही देण्याआधी शिक्का द्यावा: एका देशाने तपासलेला गोळा दुसऱ्याने पुन्हा न तपासता स्वीकारावा, हे बंधनकारक करण्याचा अधिकार. याला खर्च कमी आणि उपयोग अधिक आहे.

दुसरे असे की खरी अडचण शेलच्या कारखान्यात नसून दारूच्या कारखान्यात आहे. चार्जसाठी नायट्रोसेल्युलोज लागते आणि ते बनते सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड कापसाच्या तंतूंपासून, ज्यांना व्यापारात लिंटर म्हणतात. युरोप त्यासाठी बऱ्याच अंशी चीनवर अवलंबून आहे. विदर्भातल्या जिनिंगवाल्याला हे वाचून गंमत वाटेल. आयोगाच्या तोफगोळा योजनेतील ५० कोटी युरोंपैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्कम दारू आणि स्फोटकांच्या कारखान्यांकडे वळवली गेली, आणि हे काम खरेदीचा अधिकार नसताना झाले, हे धागालेखकांनी लक्षात घ्यावे.

म्युनिकवासी

फोरमनसाहेबांचा शिक्क्याचा मुद्दा मोलाचा आहे, पण शिक्क्यावर बँक कर्ज देत नाही. मी ज्या मध्यम आकाराच्या कंपनीत आहे ती घडीव सुटे भाग करते आणि तिचे काही ग्राहक संरक्षण क्षेत्रातले आहेत. दुसरी फोर्जिंग प्रेस बसवायची की नाही यावर आमच्याकडे दीड वर्ष चर्चा चालली. आमचे विक्रीप्रमुख ब्रुसेल्सच्या उद्योग-संवादांना दोनदा जाऊन आले; दोन्ही वेळा व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा आणि ‘मागणी दीर्घकाळ राहील’ असे आश्वासन घेऊन आले. बँकेच्या बाईंनी शांतपणे विचारले की सही झालेली ऑर्डर कुठे आहे. प्रेस अजून आलेली नाही.

इथे एक गोष्ट कोणीच सांगितलेली नाही. फोरमनसाहेबांनी गौरवलेल्या त्याच योजनेच्या मे २०२३ च्या मूळ मसुद्यात आयोगाने दोन अधिकार मागितले होते: पुरवठासाखळीची सक्तीने माहिती घेणे आणि कंपन्यांना अग्रक्रमाने ऑर्डर पूर्ण करायला लावणे. जुलैपर्यंत सदस्यराष्ट्रांनी ते दोन्ही कापून टाकले आणि फक्त पैसा शिल्लक ठेवला. ‘अधिकार नसतानाही काम झाले’ हे खरे आहे; अधिकार मागितला आणि नाकारला गेला, हेही तितकेच खरे आहे.

उलट पोलंड पाहा. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी दक्षिण कोरियाशी के-२ रणगाडे आणि के-९ तोफांचे करार केले आणि त्याच डिसेंबरात पहिली खेप गदिनिया बंदरात उतरली. कोरियाकडे तयार उत्पादनरेषा होती, कारण त्यांच्या स्वतःच्या सरकारची मागणी अखंड होती.

अर्धविराम

पोलंडचे उदाहरण माझ्या बाजूचे आहे, याबद्दल आभार. एका राजधानीने, एका संसदेला उत्तर देत, चार महिन्यांत माल उतरवला. तसेच फेब्रुवारी २०२४ मध्ये चेक राष्ट्राध्यक्ष पेत्र पावेल यांनी म्युनिकच्या सुरक्षा परिषदेत जाहीर केले की युरोपबाहेर ८ लाख तोफगोळे उपलब्ध आहेत, फक्त पैसे गोळा करा. देशांनी ते गोळा केले. यात आयुक्ताची गरज पडली नाही.

समाईक खरेदी म्हणजे एकसारखी खरेदी, हाही भ्रम आहे. एनएच-९० हे हेलिकॉप्टर अनेक देशांनी मिळून बनवून घेतले. स्वीडनला केबिन २४ सेंटिमीटर उंच हवी होती, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा सांगाडा झाला. इतरांच्या मागण्या जोडून वीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या. नॉर्वेने २००१ मध्ये १४ हेलिकॉप्टरे मागवली होती, ती सगळी वेळेत आणि पूर्ण क्षमतेने कधी मिळालीच नाहीत, आणि जून २०२२ मध्ये त्यांनी करार रद्द करून पैसे परत मागितले. एका टेबलाभोवती बसवल्याने मतभेद मिटत नाहीत. ते यंत्रात शिरतात.

पूर्वरंग (धागालेखक)

एनएच-९० चा दाखला मी उलट वाचतो. तिथे ‘नाही’ म्हणणारा कोणी नव्हता. प्रत्येक ग्राहक आपल्या रकमेच्या जोरावर आपला हट्ट पुरवून घेत गेला. खरेदीदार एकच असता, तर २४ सेंटिमीटरांची मागणी पहिल्याच बैठकीत फेटाळली गेली असती, किंवा सर्वांचीच केबिन उंच झाली असती.

चेक उपक्रमाबद्दल मात्र माझे उत्तर कमकुवत आहे, हे कबूल करतो. एवढेच म्हणेन की तो माल बहुतांशी जगभरातून शोधून आणलेला होता आणि त्यातून युरोपातली उत्पादनक्षमता वाढत नाही. द्रागी यांच्या अहवालानुसार जून २०२२ ते जून २०२३ या काळातील ७८ टक्के खरेदी संघाबाहेरून झाली.

नेमस्त

७८ टक्क्यांचा आकडा जपून वापरावा. लंडनच्या आयआयएसएस या अभ्याससंस्थेने नाटोच्या युरोपीय सदस्यांचे फेब्रुवारी २०२२ नंतरचे करार मोजले, तेव्हा निम्म्याहून अधिक रक्कम युरोपीय बनावटीच्या सामग्रीवर गेलेली आढळली. मोजणीची पद्धत आणि काळ बदलला की निष्कर्ष उलटतो.

माझा खरा मुद्दा वेगळा आहे. ‘उद्योगाशी संवाद’ हे गोंडस शब्द जिथे असतात तिथे दार दोन्ही बाजूंनी उघडते. ईडीएचे माजी मुख्य कार्यकारी होर्हे दोमेक यांनी पद सोडल्यावर थोड्याच काळात एअरबसमध्ये जबाबदारी स्वीकारली आणि ईडीएने ती काही अटींवर मान्य केली. युरोपीय लोकपाल एमिली ओ’राइली यांनी चौकशी करून निष्कर्ष काढला की संस्थेने ही परवानगी द्यायला नको होती. त्या वेळी हे पद केवळ समन्वयाचे होते. त्याच्या हाती अब्जावधींची ऑर्डर दिल्यावर हा मोह किती पटीने वाढेल, याचा विचार धागालेखकांच्या सूचनेत कुठेच दिसत नाही. पद सोडल्यानंतर काही वर्षांची सक्तीची बंदी आणि भेटींची सार्वजनिक नोंद, याशिवाय खरेदीचा अधिकार देण्यास माझा ठाम विरोध आहे.

म्युनिकवासी

नेमस्त यांच्या अटी मला मान्य आहेत. पण मोह फक्त व्यक्तींना होत नाही, प्रदेशांनाही होतो. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या फ्रान्स-जर्मनीच्या भावी लढाऊ विमानाचे काम फ्रान्सची दासो कंपनी आणि एअरबस यांच्यात कोणी किती करायचे, यावरून वर्षानुवर्षे अडत राहिले. एअरबसच्या सी-२९५ विमानांचा कारखाना नागपूरच्या मिहानऐवजी वडोदऱ्याला गेल्यावर २०२२ मध्ये आपल्याकडे जो गदारोळ झाला तो आठवा. तीच भावना जर्मनीतल्या बव्हेरियात आणि फ्रान्समधल्या बोर्दोमध्ये आहे, फक्त ती परिपत्रकांच्या भाषेत बोलली जाते. मे २०२५ मध्ये मंजूर झालेल्या १५० अब्ज युरोंच्या ‘सेफ’ कर्जयोजनेत बाहेरच्या सुट्या भागांवर ३५ टक्क्यांची मर्यादा आली, पण पहिले वर्षभर एकट्या देशालाही खरेदीची मुभा ठेवावी लागली, ती काही उगाच नाही.

जुना फोरमन

सर्वजण विकत घेण्याबद्दल बोलत आहेत. ठेवण्याबद्दल कोणी बोलत नाही. चार्जमधली दारू जुनी होते, तिच्यातला स्टॅबिलायझर, म्हणजे तिला स्थिर ठेवणारा घटक, कमी होत जातो आणि तो ठरावीक काळाने तपासावा लागतो. त्यासाठी तापमान सांभाळणारे कोठार, पहारा, प्रयोगशाळा आणि जबाबदार माणूस लागतो. आयुक्ताने गोळे घेतलेच, तर ते ठेवणार कुठे? ब्रुसेल्सकडे कोठार नाही.

पूर्वरंग (धागालेखक)

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या विमानतळावर उभे आहे. २०१२ मध्ये ईडीएच्या पुढाकाराने सुरू झालेल्या उपक्रमातून हवेत इंधन भरणाऱ्या ए-३३० विमानांचा समाईक ताफा तयार झाला. देश विमाने घेत नाहीत, उड्डाण-तास घेतात. लक्झेंबर्गने सुरुवातीला वर्षाला २०० तास घेतले होते. विमाने आइंडहोव्हन आणि जर्मनीतल्या कोलोनच्या तळांवर, वैमानिक आणि तंत्रज्ञ सहभागी देशांचे, हिशेब तासांवर. तोफगोळ्यांचेही असेच करता येईल: कोठारे आज ज्या देशांत आहेत तिथेच राहतील, देखभालीचे पैसे समाईक निधीतून जातील आणि प्रत्येक देशाचा वाटा कागदावर असेल.

अर्धविराम

उदाहरण उत्तम आहे आणि मी ते स्वतःच देणार होतो. फक्त एक तपशील राहिला. ती विमाने खरेदी केली ती ‘ओकार’ नावाच्या, काही युरोपीय देशांच्या समाईक खरेदीसंस्थेने, त्यांची मालकी नाटोची आहे आणि व्यवस्थापन नाटोच्या पुरवठासंस्थेकडे. ईडीएने देशांना एकत्र बसवले आणि ती बाजूला झाली.