ट्राउटसाठी निम्फ आणि मिज फ्लाय कुठल्या घेऊ? (तीर्थन, ऑक्टोबर) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी डिचोलीचा, गेली सात-आठ वर्षं गरवायला जातो पण सगळं मचूळ पाण्यात, म्हणजे रायबंदर, चोडण फेरीच्या आसपास, कधी शिवोलीला, आणि मागे लागायचं ते चोणक नायतर तांबसोच्या, नशीब फुटकं असलं तर शिंगाळा. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं हिमाचलला तीर्थन खोऱ्यात चाललोय, १ नोव्हेंबरपासून तिथे ट्राउट बंद म्हणून त्याच्या आधीच. परवान्याचं कळलंय, राहायचं ठरलंय, ४ वेटची (हलक्या दोरीची) रॉड मित्राची मिळाली, घोडं अडलंय ते फ्लायपाशी, म्हणजे किड्यासारखी दिसावी म्हणून पिसं-दोरा बांधलेल्या गरीपाशी.

झालं असं की ऑनलाइन ६० फ्लायचा मिक्स डबा मागवला, उघडला तर अर्ध्या इतक्या बारीक की आईने विचारलं जिरं कुठून सांडलं. कुठलीवर नाव नाही. आणि नंबरांचा घोळ वेगळाच, मी आजपर्यंत ३/० ४/० च्या गऱ्या वापरल्या, तिथे आकडा वाढला की गरी मोठी, आणि इथे म्हणे १२ पेक्षा २० बारीक! हे डोक्यात शिरायलाच दोन दिवस गेले.

आता विचारायचं ते असं की निम्फ कधी बांधायची आणि मिज कधी, दोन्ही एकत्र चालतात का, आणि साठातल्या नक्की किती कामाच्या? यूट्यूबवर प्रत्येकजण स्वतःची लाडकी फ्लाय दाखवतो, ते बघून मी आणखीच गोंधळलो. आणि हो, फ्लाय कास्टिंग मला फक्त मैदानात जमतं, पाण्यावर अजून केलं नाही, हसू नका.

खाजनकर:
हसत नाही रे पात्रांव, सगळे तिथूनच सुरू झालो.

आधी हे समजून घे की ट्राउट बहुतेक खाणं पाण्याखालीच खातो. मेफ्लाय, स्टोनफ्लाय या किड्यांची पिल्लं पाण्यात दगडाला चिकटून असतात, ती निम्फ, आणि त्यांची नक्कल करणाऱ्या फ्लायलाही तेच नाव. कॅडिस किड्याची अळी वाळूच्या कणांचं घर करून राहते, तिलाही गरवणारे निम्फमध्येच धरतात. मिज म्हणजे चिलटांसारखे न चावणारे बारके किडे, थंडीतही चालू असतात. त्यांच्या अळ्या काळ्या, हिरवट, काही चक्क लाल, कारण त्यांच्यात हिमोग्लोबिन असतं.

डब्यात बघ, तपकिरी बारीक शेपटीवाली आणि अंगावर तांब्याची तार असलेली सापडेल, ती फेझंट टेल. इंग्लंडात फ्रँक सॉयर नावाचा नदीचा राखणदार होता, त्याची ही फ्लाय, दोरा न वापरता नुसती पिसं आणि तांब्याची तार. तार वजनही देते म्हणून पटकन बुडते. दुसरी केसाळ, विस्कटलेली दिसेल ती हेअर्स इअर. या दोन्ही १४ आणि १६ मध्ये, मणीवाल्या (डोक्याशी धातूचा मणी असलेल्या) काढून ठेव. मिजमध्ये झेब्रा, काळं अंग त्यावर चंदेरी तारेचे वेढे, १८ आणि २०. लाल असेल तर दोन-चार लाल. बाकीच्या घरी ठेव.

घाटमाथ्यावरचा:
मिज नको सांगू त्याला. पहिल्यांदा जाणारा माणूस, थंडीत बोटं आखडलेली, २० नंबरच्या डोळ्यातून दोरा ओवत बसेल आणि सकाळ जाईल. १४ ची मणीवाली फेझंट टेल बांध आणि खोलवर जाऊ दे. तळाशी पोचली नाही तर कुठली फ्लाय आहे याला काही अर्थ नाही. माझ्या मते वजन आधी, पॅटर्न नंतर.

खाजनकर:
वजनाचं शंभर टक्के बरोबर. पण ऑक्टोबरात पाणी उतरून काचेसारखं झालेलं असतं, मासा सगळं निरखून घेतो, तिथे बारीक लागतेच. म्हणून दोन्ही बांध. वर मणीवाली निम्फ, तिच्या गरीच्या बाकाला दीड फूट टिपेट (टोकाचा बारीक दोरा) आणि टोकाला मिज. निम्फ खाली नेते, मिज मागून तरंगत येते. ओवायचं काम रात्री खोलीत दिव्याखाली करून ठेव, पाच-सहा जोड्या.

टिपेटसाठी सोपा हिशेब, गरीच्या नंबराला तीनने भाग. १६ ला ५एक्स, २० ला ६एक्स नायतर ७एक्स. इथेही आकडा वाढला की दोरा बारीक, परत उलटा कारभार. इंडिकेटर (दोरीवरचा तरंगता खुणेचा गोळा) फ्लायच्या वर, पाण्याच्या खोलीच्या साधारण दीडपट अंतरावर लाव.

आणि चोणकाची सवय सोड! लूअरला (नकली माशाला) झटके देतोस तसे दिलेस तर एक मासा येणार नाही. फ्लाय प्रवाहाच्याच वेगाने वाहायला हवी, दोरीने ओढली जाता कामा नये. इंडिकेटर जरा थबकला की रॉड उचल, दगड निघाला तरी चालेल.

घाटमाथ्यावरचा:
बरं, दोन जोड्या मिजच्या घे, हरलो. पण गरीचा बार्ब (उलटा काटा) पक्कडने दाबून टाक, सोडताना सोपं जातं. आणि पोचल्यावर आधी पाण्यातले चार दगड उलटून बघ. खाली जो रंग आणि आकार दिसेल त्याच्या जवळची फ्लाय काढ. ट्राउट तसा तिथलाही नाहीच म्हणा, कुल्लू खोऱ्यात १९०९ साली इंग्रजांनी सोडलेला, पण खातो तिथलंच.

मूळ प्रश्न विचारणारा:
देव बरें करूं दोघांना. काल साखळीला वाळवंटीत गुडघाभर पाण्यात कास्टिंग करून आलो, एकदा टोपीत अडकली, एकदा मागच्या झाडात, तिसऱ्यांदा बरी पडली. दगडही उलटले. एकाखाली तीन शेपट्यांचा चपटा तपकिरी किडा, चांगला पळत होता, हीच मेफ्लायची निम्फ ना? डब्यातली १६ ची फेझंट टेल शेजारी धरून बघितली तर लांबीला जवळपास तेवढीच, पण किडा चपटा आणि माझी गोल. चपटी पण घ्यावी लागेल का आता?