निफाडकडची थंडी आणि अकरा महिन्यांचं बाळ: आंघोळ, शेक, पांघरूण

मेथीचंभात
नमस्कार. यंदाची थंडी आम्ही पिंपळगाव बसवंतला काढणार आहोत. बाळ अकरा महिन्यांचं, वजन ९ किलो, रांगतं, धरून उभं राहतं. इतके दिवस ठाण्यात होतो, तिथे थंडी म्हणजे पंखा एकवर. इथे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा आठ-नऊवर येतो, कधी त्याच्याही खाली जातो, आणि दुपारी मात्र ऊन चांगलं तापतं. घर दुमजली, आम्ही वरच्या मजल्यावर, डोक्यावर स्लॅब. बाथरूममध्ये गॅस गिझर आहे.

सासूबाईंचा आग्रह आंघोळीनंतर शेगडी आणि ओवा-वेखंडाच्या धुरीचा आहे. त्यांच्या हातची मालिश उत्तम असते, त्यामुळे वाद घालायची इच्छा नाही, पण धुराची भीती वाटते. विचारायचं ते असं: आंघोळ रोज घालायची का आणि किती वाजता? तेल कोणतं? रात्री बाळ गोधडी लाथाडतं, तर काय घालून झोपवायचं? खोलीत हीटर ठेवावा का? आणि सर्दी झालीच तर घरात काय असू द्यावं?

उंबरठा
आंघोळीचं आणि तेलाचं मी सांगते, बाकीचं जाणकार सांगतील.

वेळ सकाळी आठची नको, अकरा ते एकची ठेवा. तोवर स्लॅब तापलेला असतो, खोली उबदार असते. दूध किंवा जेवण झाल्यावर पाऊण तास जाऊ द्या, नाहीतर मालिशीत पोट दाबलं जाऊन उलटी होते.

तेल दोन चहाचे चमचे पुरे. वाटीभर तेल चोपडलं की बाळ हातातून निसटतं आणि ते काढायला मग साबण-पीठ जास्त लागतं. खोबरेल तेल चांगलंच, पण साधारण २४ अंशांखाली ते थिजतं, म्हणून वाटी गरम पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं ठेवायची. गॅसवर थेट तापवायचं नाही: वरून कोमट वाटतं आणि तळाशी चटका देण्याइतकं तापलेलं असतं. तिळाचं तेल थिजत नाही, तेही चालतं. मोहरीचं टाळा, काही बाळांना त्याने लाल पुरळ येते. नाकात, कानात तेल सोडणं पूर्ण बंद. नाकातलं तेल श्वासनलिकेतून फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया करू शकतं आणि तो साध्या अँटिबायोटिकने हटत नाही. सासूबाईंना सांगताना "डॉक्टरांनी नको म्हटलंय" एवढंच म्हणा, चर्चा लांबत नाही.

पाणी: बादलीत आधी गार, मग त्यात गरम. उलट क्रमाने काढलं आणि मध्ये कुणी हाक मारली की उकळत्या पाण्याची बादली आणि रांगतं बाळ एका जागी राहतात. पाणी कोपराने बघा, हाताची बोटं स्वयंपाकाने निबर झालेली असतात. कोपराला ना गरम ना गार लागलं पाहिजे, म्हणजे साधारण ३७-३८ अंश. टॉवेल, झबलं, लंगोट सगळं आधी पलंगावर मांडून ठेवायचं. आधी अंग, डोकं सगळ्यात शेवटी, कारण ओल्या डोक्यातून अंगातली ऊब झपाट्याने जाते. पाच ते सात मिनिटांत आवरा. पुसताना मानेच्या वळ्या, काखा, जांघा, कानामागे टिपून घ्या, घासू नका. अंग किंचित ओलसर असतानाच क्रीम किंवा पेट्रोलियम जेली लावली तर ओलावा आत राहतो. अंग पार कोरडं झाल्यावर लावली तर उपयोग कमी होतो.

डाळीच्या पिठाने रोज घासू नका. नाशिककडची हिवाळी हवा कोरडी, त्यात पीठ, मग गालांना आणि पोटऱ्यांना भेगा पडल्या की सगळे पाण्याला दोष देतात.

सांडगा
>> रोज घालायची का

रोजची गरज नाही. एक दिवसाआड आंघोळ, मधल्या दिवशी कोमट पाण्याच्या फडक्याने चेहरा, मान आणि लंगोटाची जागा पुसून घ्या. डोकं आठवड्यातून दोनदा. ज्यांच्याकडे रोज आंघोळ घातल्याशिवाय बाळ झोपतच नाही त्यांनी रोज घालावी, फक्त साबण एक दिवसाआड. उंबरठा यांच्या बाकी सगळ्याला अनुमोदन.

फ्यूजतार
मेथीचंभात, तुमच्या प्रश्नातली मला खटकलेली ओळ शेगडीची नाही, "बाथरूममध्ये गॅस गिझर आहे" ही आहे. सगळ्यात आधी ते बघा.

गिझर बाथरूमच्या आत असेल आणि थंडी म्हणून खिडकी बंद केलीत, तर पाचेक मिनिटांतच हवेतला प्राणवायू कमी होऊन ज्योत अर्धवट जळायला लागते आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग गुंगी येते. मोठ्या माणसाला "थकवा आला" वाटतं. बाळ श्वास भरभर घेतं, म्हणून त्याला आधी बाधतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते शांत झोपल्यासारखं दिसतं. उपाय एकच: गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या गच्चीत किंवा डक्टमध्ये, आत फक्त पाण्याचा पाइप. तो हलवेपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरायची, गिझर बंद करायचा, दोन मिनिटं थांबायचं आणि मग बाळाला आत न्यायचं. किंवा सरळ खोलीत टब ठेवून आंघोळ घाला. बादलीत हीटरचा रॉड टाकत असाल तर बटण बंद आणि पिन बाहेर काढल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही, आणि रांगतं बाळ घरात असताना तो जमिनीवरच्या बादलीत नकोच.

शेगडीचंही विज्ञान तेच. धगधगती ज्वाळा जाऊन निखारे लाल झाले की लोक म्हणतात "आता धूर नाही, आत आणा". मोनॉक्साइड नेमका त्याच वेळी भरपूर निघतो. गोवरी असो की कोळसा, बंद खोलीत नाही.

हीटर घ्यायचाच तर तेलाचा रेडिएटर घ्या. उघड्या लाल रॉडचा नको, बाळाचा हात पोचतो आणि पडदा पेटतो. रेडिएटरही वरून तापतोच, त्यामुळे पलंगापासून आणि पडद्यापासून तीन फूट लांब, भोवती आडोसा. २००० वॅटचा हीटर साधारण ९ अँपिअर ओढतो. तो ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटला किंवा एक्स्टेन्शन बोर्डला लावला की आधी प्लास्टिकचा वास येतो, मग पिन काळी पडते. १६ अँपिअरचा जाड पिनचा पॉइंट लागतो आणि त्याला अर्थिंग हवं. पूर्ण ताकदीने तासभर चालला तर २ युनिट. झोपायच्या आधी पाऊण तास लावा, बाळ झोपलं की बंद करा. रात्रभर चालू ठेवला तर हवा इतकी कोरडी होते की पहाटे नाक चोंदतं आणि सगळे म्हणतात थंडी बाधली.

त्याआधी फुकटचे उपाय करा: खिडकीच्या फटीत कापडाची गुंडाळी, पलंग बाहेरच्या भिंतीपासून फूटभर आत, फरशीवर सतरंजी आणि वर गोधडी. दार मात्र बोटभर उघडं.

मेथीचंभात
फ्यूजतार, गिझर आतच आहे आणि खिडकी आम्ही बंदच करायचो. उद्याच माणूस बोलावते. धुरीचं काय मग? आणि तो वास घरात हवाच असतो सासूबाईंना.

सांडगा
धुरीने कफ सुटत नाही, श्वासनळीच्या आतल्या अस्तराला चुरचूर होऊन खोकला वाढतो. तुमच्या भागात तर थंडी वाढली की द्राक्ष वाचवायला पहाटे बागांत शेकोट्या पेटवतात, तो धूर बाहेर असतोच. त्यात घरातला कशाला? (पहाटे चार ते सातपर्यंत बागेकडच्या खिडक्या बंद ठेवा.)

वासाची हौस अशी भागते: दोन चमचे ओवा तव्यावर कोरडा भाजायचा, मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधायची, खोलीत खुंटीला टांगायची. पाळण्यात नाही, बाळ ती चोखतं. त्यात कापूर अजिबात घालू नका. कापराची छोटी वडी पोटात गेली तरी लहान मुलाला आकडी येऊ शकते, आणि ती साखरेसारखी दिसते. कापूर-मेंथॉलचे छातीला चोळायचे बाम दोन वर्षांच्या आतल्या मुलांना लावायचे नसतात, डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

शेक द्यायचाच असेल तर सासूबाईंनी गरम तव्यावर धरलेला सुती रुमाल आधी स्वतःच्या गालाला लावावा, तिथे सुखद वाटला तर बाळाच्या पाठीला आणि तळव्यांना. हातांना काम मिळतं आणि शेगडीचा विषय मागे पडतो.

टाचणी
शिवणकाम करणारी आहे, कपड्यांबद्दल सविस्तर लिहिते.

आतला थर नेहमी सुती, पूर्ण बाह्यांचा. लोकर थेट अंगाला लागली की मानेला आणि मनगटाला खाज येते, आणि बाळ रात्री रडतं ते "दात येतायत" म्हणून खपतं. सुतीवर फ्लॅनेल, त्यावर स्वेटर. पुढून बटणं असलेलं स्वेटर घ्या, डोक्यातून घालायचं नको. दुपारी झोपलेल्या बाळाचं काढता येतं. तुमच्याकडे हेच महत्त्वाचं आहे. सकाळी सातला चढवलेलं स्वेटर बाराला अंगावर राहतं, आतलं झबलं घामाने भिजतं आणि ऊन उतरल्यावर तेच ओलं झबलं गार पडतं. दहा वाजले की एक थर उतरवा, पाच वाजता कोरडं झबलं घालून परत चढवा.

बाळाला थंडी वाजतेय का हे हातपाय चाचपून कळत नाही, ते गारच असतात. मानेमागून बोटं आत घाला. कोरडं आणि कोमट असेल तर ठीक, घाम असेल तर एक थर कमी, गार असेल तर एक जास्त.

रात्रीसाठी: वर्षाच्या आत सुटी गोधडी, उशी, रजई काही नको, तोंडावर येते. तुमच्या रजईतही घेऊ नका. त्याऐवजी बिनबाह्यांची झोपेची पिशवी शिवा. जुनी मऊ फ्लॅनेलची चादर दुहेरी घ्या. लांबी खांद्यापासून टाचेपर्यंत अधिक सहा इंच, म्हणजे पाय हलतात. खालचा घेर रुंद आणि बंद. गळा मात्र घट्ट मापाचा: बटणं लावल्यावर डोकं आत घसरता कामा नये, मानेशी तुमचं एक बोट जाईल एवढीच ढील. नाडी नको, खांद्यावर टिचबटणं. उभं राहणारं बाळ पिशवीत अडखळतं, म्हणून पाळण्यातून काढल्याबरोबर पिशवी उतरवायची. आत पूर्ण बाह्यांचं झबलं, पायजमा आणि पायमोजे. लाथाडण्याचा प्रश्नच उरत नाही.

कानटोपी बाहेर जाताना, झोपताना काढा. झोपेत जास्तीची ऊब डोक्यातून बाहेर जाते, ती अडवू नये, आणि टोपी सरकून नाकावर येते. गळ्याखाली बांधायच्या नाडीची टोपी कुणी भेट दिली तर नाडी कापून टाका.

दोन गोष्टी कुणी सांगत नाही. हातमोजे-पायमोजे उलटे करून आतले सुटे धागे कापा. तो धागा बोटाला वेटोळं घालतो, बोट सुजून लाल-निळं होतं आणि बाळ का रडतंय ते मोजा काढेपर्यंत कळत नाही. दुसरं, ट्रंकेतल्या स्वेटरमध्ये डांबरगोळ्या असतील तर ते धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवल्याशिवाय घालू नका. जी-सिक्स-पी-डी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांमध्ये त्या वासानेही रक्तपेशी फुटून कावीळ होते, आणि कमतरता आहे हे आधी बहुतेकांना माहीत नसतं. लोकर रिठ्याच्या पाण्यात धुतली तर कडक होत नाही.

वॉर्डबाहेर
बालरोग विभागात नर्स आहे. औषधांपुरतं लिहिते.

आधी लसीचं कार्ड काढा. न्यूमोनियापासून वाचवणाऱ्या न्यूमोकोकल लसीचे (पीसीव्ही) सरकारी वेळापत्रकात दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांचा बूस्टर असे तीन डोस आहेत. बूस्टर राहिला असेल तर घ्या. फ्लूची लस सहा महिन्यांनंतर देता येते. पहिल्यांदा घेताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात आणि पुरता परिणाम यायला त्यानंतर दोनेक आठवडे जातात. थंडी पडल्यावर धावाधाव नको, आताच विचारा. ती सरकारी मोफत लसींत नाही.

घरात ठेवा: सलाइनचे नाकात टाकायचे थेंब, थर्मामीटर, पॅरासिटामॉल. नाक चोंदलं की दूध आणि झोपेआधी प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब, मिनिटभर थांबून पुसून घ्या. उकळत्या पाण्याची वाफ बाळाला देऊ नका, सांडून भाजलेली मुलं दर हिवाळ्यात येतात.

खोकल्याचं सिरप नको. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत असं पुन्हा कळवलं आहे. मागच्या वर्षीची मोठ्या मुलाची अर्धी बाटली तर नकोच नको. मधही वर्ष पूर्ण होईपर्यंत चाटवायचा नाही, बोटुलिझमचा (जिवाणूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा) धोका असतो.

पॅरासिटामॉलमध्ये चूक होते ती बाटलीमुळे. १ मिलीमध्ये ड्रॉप्सच्या बाटलीत १०० मिग्रॅ असतं, १२० च्या सिरपमध्ये (म्हणजे ५ मिलीत १२० मिग्रॅ) २४ आणि २५० च्या सिरपमध्ये (५ मिलीत २५०) ५०. नेहमीचा डोस किलोला १५ मिग्रॅ, म्हणजे ९ किलोला १३५. ड्रॉप्स असतील तर १.३ मिली, १२० चं सिरप असेल तर साडेपाच, २५० चं असेल तर २.७. शेजारणीने सांगितलेले "पाच मिली" ड्रॉप्सच्या बाटलीतून गेले तर जवळपास चौपट डोस होतो. आपल्या डॉक्टरांकडून डोस आणि बाटलीचं नाव दोन्ही एकाच चिठ्ठीवर घ्या. दोन डोसांत सहा तास.

डॉक्टरकडे कधी न्यायचं? बाळ शांत असताना छाती उघडी करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, वर्षानंतर ४० किंवा जास्त म्हणजे त्याच दिवशी दाखवायचं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, कण्हतंय, पीत नाही, ओठ निळसर दिसतात, किंवा उठवूनही जागं होत नाही, तर वाट बघायची नाही, १०८ ला फोन.

सकाळच्या कोवळ्या उन्हात खेळवा, छान वाटतं, पण ड जीवनसत्त्वासाठी ते तिरपं ऊन फारसं कामाचं नसतं. पहिल्या वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब चालू ठेवा.

मेथीचंभात
खूप खूप आभार सगळ्यांचे. वॉर्डबाहेर, बाटली बघितली, ड्रॉप्सच आहेत आणि आम्ही सिरप समजत होतो. शेवटचा एक प्रश्न: संक्रांतीला वर्ष होईल, बोरन्हाण करायचंय. आणि खाण्यात थंडीचं काय द्यायचं?

उंबरठा
बाजरीची भाकरी वरणात किंवा दुधात कुस्करून, वर चमचाभर तूप. नाचणीचं सत्त्व. मेथी-पालक वरणात घोटून. तीळ आणि शेंगदाणे कूट करूनच, अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नको. केळं, दही, संत्रं बंद करायचं कारण नाही, फ्रिजमधून काढून लगेच देऊ नका एवढंच.

बोरन्हाणात बोरं, उसाचे करवे, हलवा, हरभरे, गोळ्या म्हणजे श्वासनलिकेत अडकणाऱ्या सगळ्या वस्तू एका पाटावर. डोक्यावरून ओतायला झेंडूच्या आणि गुलाबाच्या पाकळ्या घ्या, बोरं-उस ताटात शोभेला. मोठ्या मुलांना लुटायला वेगळ्या पिशव्या आधीच भरून ठेवा, म्हणजे जमिनीवर काही सांडत नाही.

टाचणी
पाटाखाली जुनी डबल चादर अंथरा, आटोपल्यावर चारही कोपरे धरून तशीच उचलायची. काळ्या झबल्याला आतून सुती अस्तर लावा, नेट टोचतं. हलव्याचे दागिने फोटोपुरते दोन मिनिटं, दोऱ्यातून मणी सुटतात. माप पाठवलंत तर पिशवीचा कागदी कापही काढून देते.