क्वेस्ट हेल्पर बंद करून खेळणारं कोणी आहे का इथे?

नकाशेवाला
मंडळी, इथे ओल्ड स्कूल रूनस्केप हा ऑनलाइन गेम कोण कोण खेळतं? शाळेत असताना सायबर कॅफेत तासाला २० रुपये मोजून खेळायचो, म्हणून २०१३ ला आलेल्या या आवृत्तीत (२००७ च्या बॅकअपवरून उभी केलेली आहे ती) गेल्या दिवाळीत अकाउंट काढलं. भाच्याने लगेच रूनलाइट (हा गेम चालवायचं वेगळं सॉफ्टवेअर) टाकून त्यातला क्वेस्ट हेल्पर चालू करून दिला, म्हणजे क्वेस्ट (गेममधली कामगिरी) पायरी-पायरीने दाखवणारी सोय. आता कोणाशी बोलायचं त्याच्या डोक्यावर बाण, कुठलं उत्तर निवडायचं तेही रंगवलेलं, मी नुसता स्पेसबार दाबतोय. परवा डोरिक नावाच्या बुटक्याला माती, तांबं, लोखंड नेऊन दिलं, क्वेस्ट संपली, आणि त्याला ते कशाला हवं होतं विचाराल तर मला माहीतच नाही. पण हेल्पर बंद करावा तर अडकायला होतं, आणि मुलगी झोपल्यावर हातात जेमतेम तास-दीड तास. काय करू?

गिरणीवाला गॉब्लिन
बंद कर रे. माझी पहिली क्वेस्ट कुक्स असिस्टंट, लम्ब्रिजच्या किल्ल्यातल्या स्वयंपाक्याला केकसाठी अंडं, दूध, पीठ हवं असतं. अंडं-दूध मिळालं, पण पिठाने दोन दिवस खाल्ले. गहू गिरणीच्या वरच्या मजल्यावर हॉपरमध्ये (धान्य ओतायच्या पेटीत) टाकायचा, मग तिथलाच दांडा ओढायचा, मग खाली येऊन भरायचं. मी दांडा न ओढताच खाली येऊन उभा, पीठ येईना. शेवटी शेजारी कोंबड्या मारणाऱ्या एकाला विचारलं, तो म्हणे दांडा ओढलास का आणि भांडं आणलंस का? भांडं! ते त्या स्वयंपाक्याच्या टेबलावरच पडलेलं होतं, मी त्याच्यासमोरून तीनदा गेलो होतो. आजही ती गिरणी दिसली की हसू येतं, बाण असता तर चार मिनिटांत संपवून विसरलो असतो.

आणि ड्रॅगन स्लेयर ही क्वेस्ट तर अजिबात हेल्पर लावून करू नकोस, हात जोडून सांगतो. क्रँडॉर बेटाच्या नकाशाचे तीन तुकडे शोधायचे असतात, त्यातला एक ड्वार्फांच्या (बुटक्यांच्या) खाणीत जादूच्या दारामागे. दार कसं उघडायचं ते आइस माउंटनवरची ओरॅकल (भविष्य सांगणारी बाई) कोड्यात सांगते, जादूगाराचं पेय, किड्याच्या धाग्याचं कापड, कवचवाल्याचा पिंजरा आणि आग न बघितलेला वाडगा. कापड म्हणजे रेशीम हे कळलं तेव्हा रात्री एक वाजता मी मोठ्याने ओरडलो, बायको उठली, पुढचं सांगत नाही.

टेबल क्र ४
गॉब्लिनदादा, कॉलेजात असताना हे सगळं ठीक हो. मी हेल्परच्या बाजूने आहे. वन स्मॉल फेवर केलीये का कोणी? शिलो गावातला एक जण छोटंसं काम सांगतो, तो ज्याच्याकडे पाठवतो त्याला कुऱ्हाडीला धार लावून हवी, धार लावणारा पोर्ट सरीमला, त्याचं आणखी कोणाकडे तरी काम, असं करत अख्खं जग पालथं. दाखल्यासाठी या टेबलावरून त्या टेबलावर फिरवतात ना, अगदी तसं, फक्त इथे मेंबरशिपचे पैसे आपणच भरतो. तिथे बाण नसता तर मी गेम उडवला असता.

गिरणीवाला गॉब्लिन
@टेबल क्र ४ ती क्वेस्ट मुद्दाम तशी चावट बनवलीये हो, वैतागणं हाच विनोद आहे तिथे 😄 पण बरं, तिला सूट.

दीडशहाणी
मधला रस्ता सांगते. हेल्पर बंद, पण गेममधलं क्वेस्ट जर्नल उघडं ठेवायचं, झालेल्या कामावर त्यात काट मारलेली असते, त्यामुळे चार दिवसांनी आलं तरी धागा सापडतो. तरी २० मिनिटं अडकलं तर विकी उघडायचं, तेही त्या पायरीपुरतं.

आणि नुसतं भटकायचंच असेल तर गिल्ड वॉर्स २ बघा, २०१२ चा आहे पण महिन्याचे पैसे नाहीत आणि मूळ गेम फुकट सुरू करता येतो. तिथे बरेचदा कोणी काम देतच नाही, रस्त्याने जाताना गावावर सेंटॉर (अर्धे माणूस, अर्धे घोडे) तुटून पडलेले दिसतात, थांबलात तर थांबलात, नाहीतर गाव जातं. मी डोंगरावरचे व्हिस्टा (उंचावरून नजारा दाखवणाऱ्या जागा) गाठण्यातच महिना घालवलाय, एकेका कड्यावरून पाच-पाचदा पडून.

नकाशेवाला
सगळ्यांना धन्यवाद. शनिवारी हेल्पर काढला आणि ड्रेनॉरच्या वाड्यात अर्नेस्ट द चिकन सुरू केली, एका बिचाऱ्याची कोंबडी झालीये. तळघरात सहा दांडे, एक ओढला की एक दार उघडतं नि दुसरं बंद होतं. मुलीच्या चित्रकलेच्या वहीत मागच्या पानावर आकृत्या काढल्या, तिने सकाळी त्यात रंग भरले. तेलाचा डबा मिळाला एकदाचा. आता बाहेरच्या कारंज्यात काहीतरी आहे असं वाटतंय, पण हात घातला की मासे चावतात.

कोणी सांगू नका.