विषय: रि: बाकल्याउ किती तास भिजवायचा?

नमस्कार मंडळी,
आम्ही पोर्तुगालमध्ये सेतुबालला नवीनच आलोय. शेजारच्या आजींनी काल बाकल्याउचं, म्हणजे सुक्या कॉड माशाचं, अख्खं फळकूट हातात ठेवलं, "नाताल, नाताल" म्हणाल्या, आपला नाताळ शब्द यांच्याकडूनच आलेला म्हणून तेवढं कळलं. टेबलावर आपटलं तर टकटक वाजतं, लेक म्हणते याने क्रिकेट खेळू. मी आपला सुक्या बोंबलाच्या अंदाजाने तासभर भिजवून एक तुकडा शिजवला. मिठागर हो नुसतं! कुणाच्या घशाखाली उतरेना. उरलेल्याचं काय करू?
– सेतुबालचा नवा मेंबर

---

अहो, बोंबील नुसत्या उन्हात वाळतो, हा कॉड आधी मिठात मुरवतात आणि मग वाळवतात! जाड तुकड्यांना 48 तास तरी द्या, फ्रीजमध्येच, भरपूर पाणी, दिवसातून तीनदा बदला. कातडी वरच्या बाजूला ठेवा म्हणजे सुटलेलं मीठ खाली बसतं. आमच्याकडे पाणी बदलायची ड्युटी लेकाची, फ्रीजच्या दारावर कागद लावलाय त्यावर तो टिकमार्क करतो, एका वर्षी पाणी न बदलताच टिक केल्या आणि 24 तारखेला पहिल्याच घासाला पकडला गेला.

त्या रात्रीच्या जेवणाला कोन्सुआदा म्हणतात. मासा, बटाटे, कोबीची पानं, अंडी, सगळं नुसतं उकडायचं आणि वरून ऑलिव्ह ऑइल. सासूबाई पहिल्या वर्षी म्हणाल्या, हे काय आजाऱ्याचं जेवण! पण मुद्दाम जास्त करा, कारण खरी मजा 25 ला. उरलेल्याचं जे करतात त्याचं नाव रोपा व्हेल्या, म्हणजे चक्क जुने कपडे. सकाळी आम्ही सगळे टेबलाभोवती बसून माशाची कातडी-काटे काढतो आणि बोटांनी पाकळ्या सुट्या करतो, बटाटे हातानेच फोडायचे, लगदा नाही करायचा. मग पसरट भांड्यात हात सैल सोडून तेल, लसणाचे काप, मंद आच. लसूण बदामी झाला रे झाला की सगळं आत, वरखाली करायचं, पाहिजे तर शेवटी थोडं व्हिनेगर. फोडणीच्या पोळीला मुलं जशी न बोलावता येतात ना, अगदी तस्सं.
– अल्मादाची ताई

---

ताईंना अनुमोदन, फक्त दोन गोष्टी. कोबी म्हणजे आपला गच्च गड्डा नको, इथली मोठ्या सुट्या पानांची कोव्ह घ्या (आपला कोबी शब्द तिच्यावरूनच आलाय). आणि कृपा करून मोहरी-हळद घालू नका, आमच्या हिने मागे घातली, झालं झकास, मी दोनदा घेतलं, पण ती आपली भाजी झाली, रोपा व्हेल्या नव्हे.

मासे न खाणाऱ्यांनी इथल्या अलेंतेझु भागातली असोर्दा करावी, अंडं चालत असेल तर. खलबत्त्यात लसूण, जाडं मीठ आणि मूठभर कोथिंबीर ठेचायची, हो कोथिंबीर, त्या भागात ती आपल्यासारखीच ढिगाने लागते. त्यावर ऑलिव्ह ऑइल, मग ज्यात अंडी फोडून शिजवली ते उकळतं पाणी, आणि त्यात शिळ्या गावठी पावाचे तुकडे. वर ते अंडं. मिरची न घातलेला ठेचाच म्हणा. पाव खरंच शिळा हवा, ताज्याची खळ होते. ठेचायचं काम नातीला द्या, आमची अर्धं अंगावर उडवते.
– पोर्तोचे काका

---

मंडळी, रिपोर्ट. 48 तास, सात वेळा पाणी, एकदा तर रात्री दोनला उठून. काल उकडलेलं जेवण झालं, लेकीने नाक मुरडलं. आज जुने कपडे केले तर कढई पुसून खाल्ली, आणि मोहरी नाही घातली काका, शप्पथ! आजींना डबा नेऊन दिला, दारातच एक घास खाल्ला, मान डोलावली, आत गेल्या, तेलाची बाटली घेऊन आल्या आणि डब्यात आणखी पाव वाटी ओतली.
– सेतुबाल