तासापेक्षा ताई बरी
शाळेत मूल्यशिक्षणाचे तास वाढवा, असं कुणीतरी लिहिलंय. नाही पटलं. १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यातल्या मुलींच्या शाळेत शिकवायला जाताना सावित्रीबाई फुले अंगावर शेण झेलायच्या, तरी त्यांनी शाळा सोडली नाही. मुली ते बघत होत्या, वेगळा तास कशाला?

आमच्या शाळेत पाचवीतल्या प्रत्येकीला नववीतली एक ताई असायची. माझ्या ताईने पहिल्याच आठवड्यात पीएमटीचं (पुण्याच्या सिटी बसचं) तिकीट मला काढायला लावलं. कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून खेकसला, ताई शेजारी गप्प! रडवेली झाले, पण बोलले. (बाईंनी तिला उपदेश करायला सांगितलं होतं म्हणे.) तास वाढवण्यापेक्षा अशा ताया नेमा. पण ताई म्हणून फक्त पहिल्या नंबरवाल्याच नेमू नका. आमच्याकडची सगळ्यात भारी ताई गणितात दोनदा गटांगळ्या खाल्लेली होती.