बागेत मुलं खेळतात आणि मोठी माणसं बाकावर बसून राहतात. तासभर सगळ्यांचाच चांगला कसा जाईल?

शिवाजीपेठकर (प्रश्न)

मुलगी 4 वर्षांची, मुलगा 9 वर्षांचा, सासूबाई 66 वर्षांच्या आणि त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात. संध्याकाळी साडेपाच ते सात एवढाच वेळ हाताशी असतो. आम्ही कोल्हापूरचे, त्यामुळं रंकाळा तलावाकाठचं पद्माराजे उद्यान, टाऊन हॉल, महावीर उद्यान, हुतात्मा पार्क, यातलं कुठलंही चालेल. मुलीला झोपाळ्यावर बसवताना धाकधूक वाटते, मुलगा म्हणतो "हे सगळं बारक्या पोरांचं आहे", आणि आम्ही दोघं मोबाइल काढून बसतो.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. खेळणी धड आहेत की नाहीत हे ओळखायचं कसं? सासूबाईंनी ओपन जिम वापरावं का? आणि 9 वर्षांच्या मुलाला, तसंच आम्हाला, बागेत करण्यासारखं काय आहे? पावसाळ्याचंही सांगा, कारण आपल्याकडे चार महिने त्यातच जातात.

---

कडी_साखळी

खेळण्यांपुरतं सांगतो. बागेत शिरलात की आधी जमीन बघा, खेळणं नंतर. मुलांना सगळ्यात जास्त लागतं ते पडल्यामुळं, आणि पडल्यावर काय होणार हे खाली काय आहे यावर ठरतं. झोपाळ्याखाली 9 इंच सैल वाळू असेल, तर साधारण 4 फुटांवरून पडलेल्या मुलाच्या डोक्याला गंभीर इजा होण्याचा धोका बराच कमी होतो. मात्र ती वाळू सैलच हवी. पावसात ती दबते, बाजूला वाहून जाते, आणि पाय घासून घासून झोपाळ्याच्या बरोबर खाली, म्हणजे नेमकी जिथं हवी तिथंच, खड्डा पडतो. एक काडी खुपसून बघा. दोन इंचांवर अडली तर खाली घट्ट मुरूम आहे असं समजा. सिमेंट किंवा पेव्हिंग ब्लॉक असेल तर 4 वर्षांच्या मुलीला त्या झोपाळ्यावर बसवूच नका.

झोपाळ्याची बसायची पाटी ठीक आहे का, हे सगळे बघतात. मान वर करून आडव्या पाइपाकडं मात्र कुणी बघत नाही. साखळीची सगळ्यात वरची कडी कुंड्यात घासते आणि आतल्या बाजूनं झिजते. तिथं खाच पडलेली दिसली की तो झोपाळा सोडा. हूक इंग्रजी एस आकाराचा असेल तर त्याची तोंडं पूर्ण मिटलेली हवीत. 1 मिलिमीटरपेक्षा जास्त फट असली की त्यात कपडा अडकतो, आणि साखळी निसटूही शकते. नुसता कुरकुर आवाज म्हणजे बहुतेक वेळा वंगण संपलेलं असतं. पण झोपाळा सरळ न जाता तिरका जात असेल, तर एका बाजूचा बुश, म्हणजे साखळी टांगते तिथलं झीज घेणारं अस्तर, गेलेला असतो.

दुसऱ्या मुलांना झोपाळ्यापासून लांब किती उभं करायचं, याचा सोपा हिशोब आहे: वरच्या पाइपाची उंची गुणिले दोन, पुढंही आणि मागंही. पाइप 8 फुटांवर असेल तर दोन्हीकडं 16 फूट मोकळे. आपल्याकडं रांगेतली मुलं तीन फुटांवर उभी असतात, आणि पाटी नेमकी त्यांच्या तोंडाच्या उंचीवरून जाते.

आता घसरगुंडी. लहान मुलाला मांडीवर घेऊन घसरू नका. प्रेमानं केलं जातं, पण मुलाच्या बुटाचा रबरी तळ कडेला अडकतो, मोठ्या माणसाचं वजन मागून ढकलत राहतं आणि पोटरीचं हाड पिळवटून मोडतं. मूल एकटं घसरत असेल तर पाय अडकला तरी ते तिथंच थांबतं. मुलगी एकटी घसरायला तयार नसेल, तर तिला तळापासून दोन-तीन फुटांवर बसवा आणि तिथूनच खाली येऊ द्या. पत्र्याची घसरगुंडी मार्च ते मे सहा वाजेपर्यंतही तापलेली असू शकते. तळव्यानं नाही, हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा. प्लॅस्टिकचीही तापते.

कठड्याच्या गजांमधलं अंतर 9 ते 23 सेंटिमीटरच्या मध्ये नसावं. त्यात अंग आत जातं आणि डोकं अडकतं. आणि खेळायला सोडण्याआधी ओढणी, गळ्यातला ताईत, टोपीची नाडी काढून ठेवा. चक्रीत अडकलेली ओढणी सोडवायला वेळ मिळत नाही.

---

नागाळापार्क_फिजिओ

सासूबाईंबद्दल. गुडघे झिजलेले असले तरी चालणं बंद करायचं नसतं, उलट मांडीचे स्नायू जितके मजबूत तितका गुडघ्याचा त्रास कमी. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, आणि 65 च्या पुढं त्याखेरीज तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग. सुरुवातीला 10 मिनिटं चालणं, 5 मिनिटं बाक, पुन्हा 10 मिनिटं.

ओपन जिममध्ये ट्विस्टर त्यांनी टाळावा. पाय चकतीवर ठेवून कंबर फिरवली की पीळ गुडघ्यावर येतो. एअर वॉकर, म्हणजे दोन पाय पुढं-मागं झुलवायचा तो, सांधा सैल करायला बरा आहे, पण पाय एका पावलाएवढेच हलवायचे. मोठे झोके घेतले की कंबर ताणली जाते. बहुतेक पडझड होते उतरताना: एक पाटी थांबलेली, दुसरी हलतेय आणि माणूस उतरतोय. दोन्ही पाट्या पूर्ण थांबल्याशिवाय हात सोडायचा नाही. आणि त्या वेळी 4 वर्षांची नात जवळपास नको, झुलणारी पाटी तिला लागू शकते.

खरं तर त्यांच्यासाठी उत्तम यंत्र म्हणजे बाक. साधारण 45 सेंटिमीटर उंच, हात असलेला. हात न टेकता, किंवा गरज पडली तर टेकून, उठायचं आणि सावकाश बसायचं, 8 ते 10 वेळा, थोडी विश्रांती, पुन्हा तेवढंच. धप्पकन बसायचं नाही. बसताना तीन आकडे मोजायचे, कारण सावकाश खाली येतानाही स्नायूला भार पेलावा लागतो. गुडघ्यात कळ आली तर उंच बाक शोधा. त्यानंतर रेलिंग धरून टाचा उचलणं 10 वेळा, आणि टाचेला अंगठा लावत दहा पावलं. ही दहा पावलं नातीला सोबत घेऊन करा. तिला तो खेळ वाटतो आणि आजीला हात धरायला कुणीतरी असतं.

पावसाळ्यात पेव्हिंग ब्लॉकवर, विशेषतः झाडाखालच्या भागात, शेवाळं धरतं. ते हिरवं दिसत नाही, नुसतं काळपट दिसतं. तळ गुळगुळीत झालेल्या चपला घालून त्यांना तिथं नेऊ नका.

---

लगोरीवाला

9 वर्षांचा मुलगा खेळण्यांना कंटाळणारच. त्याला आता नियम असलेला खेळ आणि सोबत चार पोरं लागतात. लगोरीसाठी एक टेनिस बॉल आणि सात चपट्या फरशा पिशवीत ठेवा. खालची फरशी तळहाताएवढी, वर लहान होत जाणाऱ्या. गोल दगड घेतले तर लगोरी रचताच येत नाही आणि पोरं दोन मिनिटांत भांडायला लागतात. नेम 10 फुटांवरून, लहान मुलांना 6 फूट. प्रत्येकी तीन नेम. बॉल कमरेच्या खालीच मारायचा, हा नियम सुरू होण्याआधी मोठ्यानं सांगा.

मोठ्यांनी बाजूला बसून पंचगिरी करू नये, एका-एका संघात उभं राहावं. आईबाबा पळाले की शेजारची पोरं आपसूक येतात.

सासूबाईंना सागरगोटे द्या. पाच पुरे. खाली मांडी घालायला लावू नका, ओट्यावर किंवा बाकावर मधे रुमाल टाकून खेळता येतं. रुमाल नसला तर गोटे घरंगळतात. 4 वर्षांच्या मुलीला वर उडवून झेलणं जमणार नाही, तिनं आधी एक उचलून एक टाकायचा. आणि खेळ संपला की मोजून पिशवीत टाका, तिच्यापेक्षा लहान मूल शेजारी असेल तर ते तोंडात जातात.

सूरपारंबीचा, म्हणजे वडाच्या पारंब्यांना लोंबकळायच्या खेळाचा, मोह झाला तर एवढंच: पारंबी जमिनीत रुजलेली, मनगटाएवढी जाड असेल तरच. हवेत लोंबणारी कोवळी पारंबी तुटते, आणि वडाचंही नुकसान होतं.

---

शिवाजीपेठकर

लै भारी माहिती दिलीत, आभार. काडी आणि मेजर टेप दोन्ही घेऊन जातो. खराब कडी दिसली तर सांगायचं कुणाला? आणि झाडांबद्दल कुणी लिहील का? टाऊन हॉलला इतकी झाडं आहेत, पण नाव एकाचंही माहीत नाही.

---

कडी_साखळी

महापालिकेच्या उद्यान विभागाकडं लेखी द्या. "खेळणी खराब आहेत" असं मोघम लिहू नका. "दक्षिण बाजूच्या झोपाळ्याची डावीकडची वरची कडी झिजली आहे, खालची वाळू वाहून गेली आहे" असं लिहा, एक फोटो लांबून आणि एक जवळून जोडा, पोच घ्या. नेमका भाग लिहिला की वेल्डर कुठलं सामान न्यायचं हे ठरवून येतो. तोवर तो झोपाळा साखळी वर गुंडाळून बंद करायला चौकीदाराला सांगा.

---

ताम्हण

टाऊन हॉलची बाग मुलांसोबत बघायला फार चांगली. सगळ्या झाडांची नावं पाठ करू नका, एकच झाड धरा. जमिनीपासून 1.37 मीटरवर टेप गुंडाळून घेर मोजा, त्याला 3.14 नं भागा, व्यास मिळतो. मुलाचं गणितही होतं. वहीत महिना लिहून दर महिन्याला त्याच झाडापाशी जा: पान गळतंय, पालवी फुटतेय की फूल आलंय. जानेवारी-फेब्रुवारीत सावर, त्यामागून पळस आणि पांगारा, एप्रिल-मे मध्ये बहावा, गुलमोहर आणि आपलं राज्यफूल ताम्हण, दिवाळीच्या सुमारास सातवीण. सातविणीचा वास संध्याकाळी दाटतो. दम्याच्या माणसाला तो सोसत नाही, त्या दिवसांत बाक लांबचा निवडा.

तुमची वेळ एका गोष्टीसाठी अगदी नेमकी आहे. पर्जन्यवृक्ष, ज्याची छत्रीसारखी पसरट फांदी असते, तो दिवस मावळताना पानं मिटतो. साडेपाचला एक पान खुणेला धरून ठेवा आणि सात वाजता तेच बघा, पर्णिका, म्हणजे पानातली छोटी पानं, जोडीनं मिटलेल्या असतात. ढगाळ दिवशी लवकर मिटतात. 4 वर्षांच्या मुलीलाही हे समजतं. वड-पिंपळ फळांवर आले असतील तर वर बघा, तांबट आणि राखी धनेश तिथंच येतात; उन्हाळ्यात तांबटाचा टुक-टुक आवाज आधी ऐकू येतो, पक्षी पानांत सापडायला वेळ लागतो.

रविवारी सकाळी वगैरे गेलात तर तिथल्या संग्रहालयातही डोकवा. इमारत 1870 च्या दशकातली आहे, आणि पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती आत आहे. मुलाला समुद्रदेव इथं नदीकाठी कसा आला, हे विचारायला भरपूर वाव आहे.

आता सावध राहायचं ते. पिवळ्या कण्हेरीची फळं, ज्यांना आपण बिट्ट्या म्हणतो, मुलं खेळायला गोळा करतात. त्यातली बी विषारी आहे आणि थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करते. लाल-पांढऱ्या कण्हेरीचंही पान, फूल, चीक सगळं विषारी. मुलानं चावलं असेल तर उलटी काढायच्या भानगडीत पडू नका, फळ किंवा पान सोबत घेऊन सरळ दवाखान्यात जा. टाऊन हॉलवरून सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, समोरच आहे.

पावसाळ्यात केसाळ सुरवंट अंगावर पडला तर चोळू नका. काडीनं बाजूला करा, त्या जागेवर चिकटपट्टी लावून ओढा म्हणजे केस निघतात, मग साबणानं धुवा. पंचगंगेला पाणी चढलं की जयंती नाल्यालाही फुगवटा येतो. त्यामुळं पूर ओसरल्यावर हुतात्मा पार्कच्या बाजूला साचलेल्या गाळात मुलांना अनवाणी सोडू नका, लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशा चिखलातून कातडीवरच्या जखमेवाटे शिरतात. बागेत टायरची खेळणी असतील तर त्यात पाणी साचलंय का ते बघा. डेंग्यूचा डास अशा पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळी अंधार पडण्याआधी. टायरच्या तळाला भोक पाडलं की काम होतं. वरच्या अर्जात हेही लिहा.